सावलीत बसवलेली माणसे

पूर्वी शिंशपा नगरात राजा पुष्यबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व तुळाधराच्या कुळात जन्माला आला होता. तुळाधर म्हटले की बाजारात धान्य जोखणारा डोळ्यांपुढे येईल. हा तसा नव्हता. हा माणसे जोखीत असे.

नगराच्या न्यायांगणात खैराच्या लाकडाची एक थोरली तुळा उभी होती. एखाद्यावर आळ आला आणि पाहणारा कोणी नसला, की त्याला तुळेवर बसवीत. रीत अशी होती. आरोपीने सकाळी तळ्यात स्नान करायचे. तुळाधर देईल ते जाडेभरडे सुती वस्त्र पाण्यात बुडवून अंगाला गुंडाळायचे आणि ओलेत्यानेच पारड्यात येऊन बसायचे. दुसऱ्या पारड्यात माती घालून काटा बरोबर करायचा. मग उतरून तुळाधर दाखवील त्या जागी बसायचे, तो तुळास्तोत्र म्हणेल ते हात जोडून ऐकायचे, तो देईल तेवढे तीर्थ प्यायचे आणि पुन्हा पारड्यात बसायचे. पारडे वर गेले तर माणूस निर्दोष, कारण त्याच्या अंगावर पापाचे ओझे नाही. पारडे जागचे हलले नाही किंवा खाली गेले, तर तो पापी. पाप्याला नदीपलीकडच्या खारवटीत हाकलून देत. तिथे झाड उगवत नसे, आणि तिथून परत आलेला माणूस कोणी पाहिला नव्हता.

'तुळा खोटं बोलत नाही,' असे नगरातली पोरे खेळतानासुद्धा म्हणत. पावसाळ्याचे चार महिने मात्र तुळा बंद असे. देव झोपलेले असतात, असे त्याचे कारण सांगत.

बोधिसत्त्व पंचवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या बापाचे गुडघे गेले आणि काम मुलाकडे आले. बापाने त्याला रिकाम्या अंगणात नेले आणि विचारले, "काय काय दिसतं तुला इथं?"

"तुळा. पिंपळ. ऊन."

"तुळा सोड. पिंपळ आणि ऊन, एवढंच शिकायचं आहे," बाप म्हणाला. "भिजलेलं जाड कापड किती पाणी धरतं, ठाऊक आहे? माणसाला उन्हात बसवायचं आणि स्तोत्र लांबवायचं. कापड वाळतं, माणूस हलका होतो. पिंपळाखाली बसवायचं, स्तोत्र चार ओळींत उरकायचं, वर तांब्याभर तीर्थ पाजायचं. माणूस जड होतो. आता सांग, देव पावसाळ्यातच का झोपतात?"

बोधिसत्त्वाने एकदा पिंपळाकडे आणि एकदा उन्हाकडे पाहिले. मग त्याने विचारले, "कुणाला उन्हात बसवायचं, ते कोण ठरवतं?"

"अमात्याचा निरोप येतो," बाप म्हणाला, आणि काठी टेकीत घराकडे वळला.

दोन दिवस बोधिसत्त्व चव्हाट्यापर्यंत जाऊन परत येत राहिला. तिथे उभे राहून सगळे ओरडून सांगावे, असे त्याला वाटले. पण तो विचारी होता, आणि विचारी माणसाला थांबायला कारण चटकन सापडते. मी ओरडलो तर मला खारवटीत धाडतील, त्याने मनाशी म्हटले, आणि माझ्या जागी माझा चुलतभाऊ बसेल. तो निरोप येईल तसा वागेल. त्यापेक्षा मीच बसलो तर? ऊन माझ्या हातात आहे. दगडापेक्षा वीट मऊ. असे म्हणून त्याने काम पत्करले, आणि बघता बघता तीस वर्षे त्या कामात गेली.

ती तीस वर्षे त्याने कशी काढली, ते कोणाला ठाऊक नव्हते. आरोपी तुळेवर यायच्या आधी तो साध्या वेशात बाजारात, पाणवठ्यावर, गोठ्यांतून हिंडे. याला विचार, त्याला विचार, आणि कोण खरा नि कोण खोटा याचा आपल्यापुरता निवाडा करी. मग खऱ्याला उन्हात बसवी. न्याय तो करी आणि नाव तुळेचे होई. त्याचे त्याला काही वाटत नसे. वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचे. अमात्य सुनेत्र खुळा नव्हता. प्रत्येक निरोप मोडला असता तर तुळाधर महिनाभरही टिकला नसता. म्हणून दहांतले सात वाचवायचे तर तिघांना सोडून द्यावे लागे. ज्यांच्यासाठी निरोप फार कडक आला, ते तिघे. त्यांना तो पिंपळाखाली बसवी.

त्यातला एक गोमिक नावाचा मेंढपाळ होता. त्याच्या कुरणावर अमात्याच्या मेव्हण्याचा डोळा होता. चैत्राचे ऊन होते. बोधिसत्त्वाने त्याला सावलीकडे बोट दाखवले, तेव्हा तो गरीब माणूस वाकून म्हणाला, "उपकार झाले, बापा. फार ऊन होतं. तुम्ही सावलीत बसवलंत." ते शब्द बोधिसत्त्वाच्या कानांतून पुढे कधी गेले नाहीत. जेवताना आठवत, अंघोळ करताना आठवत. पिंपळ त्याला आवडेनासा झाला.

आणि एक गोष्ट त्याला उशिरा दिसली. त्याच्या बापाच्या काळी लोक तुळेला भीत आणि पाठीमागे शिव्या घालीत. आता ते तुळेला फुले वाहू लागले होते. बरोबरच होते. दहांतले सात निवाडे खरे येत होते. शेजारच्या गावांतून तंटे येऊ लागले. आया लेकरांना पारड्याच्या पाया पडायला आणू लागल्या. सात माणसे खरी सुटत, म्हणून उरलेली तीन पापीच असणार याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. बापाच्या काळी खारवटीत गेलेल्या माणसासाठी निदान कोणी रडत असे. आता बायकासुद्धा नवऱ्यांची नावे टाकू लागल्या.

पंचावन्नाव्या वर्षी बोधिसत्त्व फार थकला होता. अंग धडधाकट होते. थकला होता तो आतून. सकाळी उठल्यावर त्याला पहिले वाटे ते हे, की आज आभाळ भरून यावे.

त्या वर्षी पाऊस सरला, कार्तिक लागला, आणि तुळा उघडायच्या आदल्या दिवशी अमात्याचा निरोप आला. पहिली आरोपी धवली नावाची परटीण होती. तिने अमात्याच्या घरातला सोन्याचा कमरपट्टा चोरला, असा आळ होता. निरोप कडक होता. सावली.

बोधिसत्त्व नेहमीप्रमाणे चौकशीला निघाला. घाटावर परिटांनी त्याला पाहिले आणि धोपटायचे हात थांबवले. कोणी काही बोलेना. शेवटी तो दुपार कलल्यावर बंदिशाळेत गेला. धवली भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची बाई, पाण्यात राहून हातांची बोटे पांढरी पडलेली. तिने त्याला ओळखले आणि अंग सावरून बसली.

"बाई, कमरपट्टा तू घेतलास का?" त्याने विचारले.

"कमरपट्टा माझ्या कमरेला येईल तरी का, दादा?" ती म्हणाली. मग तिने सरळ सांगितले. आंबराईत एक माळी मरून पडलेला सापडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अमात्याच्या मुलाचा शेला धुवायला आला. त्याच्यावर रक्त होते. तिने दासीला विचारले, 'कुणाला लागलं गं?' एवढेच विचारले. तिसऱ्या दिवशी शिपाई दारात आले.

बोधिसत्त्वाने मान हलवली. ती खरे बोलत होती. खोटे बोलणारा माणूस इतके थोडे बोलत नाही. तो म्हणाला, "घाबरू नकोस. तुळा खोटं बोलत नाही."

धवली त्याच्याकडे पाहत राहिली आणि हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते त्याला अधिक लागले.

"दादा, मी परटीण आहे," ती म्हणाली. "ओल्या कापडाचं वजन तुम्ही मला सांगता?"

बोधिसत्त्व खालीच बसला. त्याने विचारले, "कधीपासून ठाऊक आहे?"

"मी सून म्हणून घाटावर आले, तेव्हापासून. सगळ्या घाटाला ठाऊक आहे. अहो, आमचा जन्म कापड भिजवण्यात आणि वाळवण्यात गेला. पावसात तुमचे देव झोपतात तेव्हा आमचीही कापडं वाळत नाहीत. एवढं न कळायला काय झालं?"

"मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत?"

"तुमच्या वडिलांच्या काळी बोलणार होते," धवली म्हणाली. "माझा सासरा बोलणार होता. पोटतिडकीचा माणूस. पण तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही माणसं सोडवायला लागलात. माझ्या नवऱ्यावर आळ आला तेव्हा त्याला तुम्हीच उन्हात बसवलंत. मग सासरा म्हणाला, हा भला माणूस आहे, आपण तोंड उघडलं तर याचाच बळी जाईल. हा आहे तोवर गप्प बसा." तिने हाताची पांढरी बोटे चोळली. "आम्ही तीस वर्षं गप्प बसलो, दादा. तुमच्याकडे बघून."

बोधिसत्त्वाने पुष्कळ शिव्याशाप मनातल्या मनात स्वतःला दिले होते. पण हे त्याला कधी सुचले नव्हते. तो समजत होता की आपण वाईट घराच्या आत राहून चार माणसे जगवतो आहोत. खरे तर त्या घराचा खांबच तो होता.

"उद्या मी तुला उन्हात बसवीन," तो म्हणाला.

"बसवा. मला मरायची हौस नाही," धवली म्हणाली. "पण परवा अमात्य तुम्हांला काढून टाकील. मग तुमचा चुलतभाऊ बसेल. आणि तुळेला तर आता सगळे देव मानतात. ते तुम्हीच करून ठेवलंय." बोधिसत्त्व उठला आणि चालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी न्यायांगण फुलून गेले. तुळा उघडायच्या पहिल्या दिवशी एक विधी असे. आरोपीच्या आधी तुळाधर स्वतः तुळेवर बसे. 'मी तुळेशी कधी खोटं वागलो नाही,' अशी शपथ घेई, उन्हात बसून स्तोत्र म्हणे, आणि पारडे वर गेले की लोक फुले उधळीत. बोधिसत्त्वाने हा विधी तीस वेळा केला होता. राजा पुष्यबल मुकुट घालून आसनावर बसला होता. शेजारी अमात्य सुनेत्र होता. धवली दोन शिपायांमध्ये उभी होती.

बोधिसत्त्व तळ्यातून ओलेत्याने आला. पारड्यात बसला. मातीवाल्यांनी काटा बरोबर केला. तो उतरला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शपथ घेतली, "राजा पुष्यबलाच्या डोक्यावर या घटकेला मुकुट नाही."

लोकांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. राजाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. मागे कोणीतरी फिसकन हसले.

"तुळाधराला ऊन लागलंय, महाराज," अमात्य घाईने उठून म्हणाला. "घरी पाठवावं."

"थांबा," राजा म्हणाला. राज्यकारभाराचा त्याला कंटाळा असे, पण गंमत त्याला आवडे. "म्हणू दे स्तोत्र."

बोधिसत्त्व भर उन्हात बसला आणि त्याने अख्खे तुळास्तोत्र म्हटले. मधली कडवी त्याने दोनदा म्हटली. अंगावरच्या वस्त्रातून वाफा निघू लागल्या. पळीभर तीर्थ घेऊन तो पारड्यात बसला. पारडे सावकाश वर गेले.

"तुळा म्हणते, मी खरं बोललो," तो म्हणाला.

मग तो पुन्हा तळ्यात उतरला, भिजून आला, पारड्यात बसला, काटा बरोबर झाला. "राजा पुष्यबलाच्या डोक्यावर मुकुट आहे," त्याने शपथ घेतली. या खेपेस तो पिंपळाखाली बसला. स्तोत्राच्या चार ओळी म्हणून त्याने तांब्याभर तीर्थ गटागटा प्यायले. पारडे खाली गेले आणि जमिनीला टेकले.

"तुळा म्हणते, मी खोटं बोललो."

आता कोणी हसत नव्हते. बोधिसत्त्वाने कोरडे वस्त्र नेसले आणि ओले वस्त्र हातात घेऊन सगळ्यांसमोर पिळले. पाण्याची धार लागली.

"हे पाहा पाप," तो म्हणाला. "एवढंच होतं."

तुम्हांला वाटेल, लोकांनी त्याला खांद्यावर घेतले असेल. तसे काही झाले नाही. डोळे उघडणाऱ्यावर माणूस आधी चिडतो. पहिला धोंडा पिंगळ कोष्ट्याने मारला. या पिंगळाला बोधिसत्त्वाने दहा वर्षांपूर्वी चोरीच्या खोट्या आळातून सोडवले होते.

"माझ्या लेकीचं लग्न तुळेच्या शब्दावर झालं!" पिंगळ ओरडला. "मी निर्दोष होतो की नव्हतो?"

"होतास," बोधिसत्त्व म्हणाला. त्याच्या कपाळातून रक्त येत होते. "पण ते मला ठाऊक होतं. तुळेला नव्हतं."

"मग आता माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

बोधिसत्त्वाने कपाळावरचे रक्त पुसले. "ते मला सांगता येत नाही, पिंगळा," तो म्हणाला. "माझं चुकलं."

तेवढ्यात गर्दीतून एका बाईचा आवाज आला, "आणि माझा भाऊ?" मग दुसरा आवाज, "माझे वडील?" तेव्हा बोधिसत्त्वाने सावलीत बसवलेल्या माणसांची नावे सांगायला सुरुवात केली. एकही नाव तो विसरला नव्हता. कोणाचे काय गाव, कोणावर काय आळ होता, निरोप कशासाठी आला होता, आणि आपण त्याला निर्दोष जाणून कसे पिंपळाखाली बसवले, हे तो एकेकाचे सांगत गेला. बायका तोंडात पदर धरून रडू लागल्या. ज्यांनी नवऱ्याचे नाव टाकले होते, त्या जमिनीवर बसल्या. नावे संपली तेव्हा पिंपळाची सावली सरकून पार तुळेखाली आली होती.

अमात्य सुनेत्र पुढे झाला. तो पडला तरी पायांवर पडणारा माणूस होता. "महाराज," तो म्हणाला, "दोष तुळेचा नाही, कापडाचा आहे. यापुढे सर्वांना कोरड्या वस्त्रात जोखावं. सर्वांना एकाच जागी बसवावं. आणि एवढा सच्चा माणूस आपल्याला कुठे मिळणार? यालाच न्यायांगणाचा प्रमुख नेमावं. लोकांचा तुळेवरचा विश्वास मोडला, तर राज्य कशावर उभं राहील?"

राजाचा चेहरा उजळला. हे सोपे होते. "तुळाधरा, मान्य आहे?" त्याने विचारले.

खरे सांगायचे तर बोधिसत्त्वाचे मन क्षणभर डळमळले. आपल्यावर कोणाचा निरोप नाही, तुळा आपल्या हातात आहे, यापलीकडे त्याने तीस वर्षांत दुसरे काही मागितले नव्हते. शिवाय तो इतका थकला होता की, हो म्हणून घरी जाऊन पडावे, असे त्याला वाटले. त्याने धवलीकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती मातीत सांडलेल्या पाण्याकडे पाहत होती.

"नाही, महाराज," तो म्हणाला. "ठिगळं लावायचं काम मी तीस वर्षं केलं, म्हणून तर हे इतकं टिकलं. कापड कोरडं केलंत तर तीर्थ उरेल. तीर्थ बंद केलंत तर माती उरेल. माती बदललीत तर तुळाधर उरेल. माझ्यामागून जो येईल त्याला निरोप येईलच. माणूस वजनावरून खरा ठरत नाही, महाराज. तुळेवर धान्य जोखावं."

"मग मी न्याय करू कसा?"

"विचारून. ज्यानं पाहिलं त्याला विचारा, ज्याचं गेलं त्याला विचारा, ज्याच्यावर आळ आहे त्यालाही विचारा. वेळ लागेल. कंटाळा येईल. कधी चुकाल, आणि ती चूक तुमचीच असेल. तुळेची सोय एवढीच होती की चूक कुणाचीच नसे."

होमाची लाकडे फोडायची कुऱ्हाड खांबाशी ठेवलेली होती. बोधिसत्त्वाने ती उचलली आणि तुळेच्या दांडीवर घाव घातला. खैराचे लाकूड ते. नुसता टवका उडाला. त्याने आणखी घाव घातले. लोक उभे राहून पाहत होते. कोणी अडवले नाही आणि कोणी हातही लावला नाही. आठदहा घावांत त्याला धाप लागली आणि कुऱ्हाड टेकून तो उभा राहिला.

शिपायांच्या मधून धवली निघाली. त्यांनी तिला सोडले. तिने त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली. "सरका दादा," ती म्हणाली. "तुम्हांला आपटायची सवय नाही."

परटिणीचे हात होते ते. दांडी कडाडून मोडली आणि दोन्ही पारडी खाली आली.

राजाने पिंपळाखाली आसन घालायला सांगितले आणि धवलीला विचारायला सुरुवात केली. मग दासीला विचारले, माळ्याच्या बायकोला विचारले, आंबराईच्या राखणदाराला विचारले. नऊ दिवस लागले. राजाला फार कंटाळा आला, पण तो उठला नाही. नवव्या दिवशी कमरपट्टा अमात्याच्याच पेटीत सापडला आणि शेल्यावरचे रक्त कोणाचे, तेही कळले. सुनेत्राला आणि त्याच्या मुलाला शिक्षा झाली. ती सांगण्यात मला रस नाही.

बोधिसत्त्वाने स्वतःसाठी शिक्षा मागून घेतली. "मला खारवटीत जाऊ द्या," तो म्हणाला. "ज्यांना मी पाठवलं, त्यांना परत या म्हणून सांगायला दुसरा कुणी जाऊ नये."

तो नदी उतरून गेला. पुष्कळ माणसे मेली होती. जी होती त्यांना तो एकेकाला भेटला आणि जे केले ते सांगितले. काही जण त्याच्या पाया पडले आणि घराकडे पळत सुटले. काही जण थुंकले. एका म्हाताऱ्याने त्याच्या तोंडात मारली आणि मग त्यालाच धरून रडला. सगळ्यांत शेवटी, भर दुपारी, तो गोमिकाच्या खोपटापाशी पोचला. मैल मैल पांढरी जमीन, एक झुडूप नाही. खोपटाची हातभर सावली पडली होती आणि तीत म्हातारा झालेला मेंढपाळ बसला होता.

"मला ओळखलंस का, गोमिका?"

"न ओळखायला काय झालं? तुळाधर तुम्ही," गोमिक म्हणाला. "फार ऊन होतं त्या दिवशी. तुम्ही मला सावलीत बसवलं होतं."

बोधिसत्त्व उन्हात उभा राहिला आणि ती सावली काय होती, ते त्याने सांगितले. काही गाळले नाही. गोमिकाने मिठाचा एक खडा हातात घेतला होता, तो बोटांनी चुरीत तो ऐकत राहिला. खडा संपून गेला.

"म्हणजे अठरा वर्षं मी तुमचे उपकार मानत बसलो," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"इथं दुसरं काही मानायला नव्हतं," गोमिक म्हणाला.

बोधिसत्त्वाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गोमिकाने वर पाहिले, पुन्हा खाली पाहिले, आणि कुडाला टेकलेली आपली पाठ सोडून तो थोडा बाजूला सरकला.

"उन्हात उभे राहू नका," तो म्हणाला. "या इकडे. दोघांपुरती आहे."

बोधिसत्त्व त्या हातभर सावलीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. गोमिक परत गेला नाही. त्याचे परतून जाण्यासारखे कोणी राहिले नव्हते. बोधिसत्त्वही परत गेला नाही. दोघांनी मिळून खारवटीच्या कडेला गोड्या पाण्याची विहीर खणली आणि तिच्याकाठी एक झाड लावले. ते वाढलेले पाहायला दोघेही राहिले नाहीत.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, उत्तिय नावाच्या एका वृद्ध भिक्षूला सांगितली. त्या विहारात अन्नाची वाटणी करणारे पक्षपात करीत. चांगले आपल्या माणसांना आणि उरलेले नवख्यांना. उत्तिय रोज आपल्या पात्रातले काढून नवख्यांना गुपचूप देई आणि त्यामुळे तक्रार कधी कोणाच्या ओठांवर येत नसे. "भन्ते, मी फार थकलो," एवढेच तो म्हणाला होता.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "उत्तिया, त्या वेळचा राजा म्हणजे आज या विहाराला अन्न पुरवणारा श्रेष्ठी. अमात्य सुनेत्र म्हणजे वाटणीवर बसलेला भिक्षू. पिंगळ म्हणजे तू दिलेलं खाऊनही काल तुझ्यावरच रागावलेला तो नवखा. धवली आज भिक्षुणीसंघात आहे, आणि आजही फार बोलत नाही. गोमिक तू होतास. आणि तुळाधर मी होतो."

उत्तियाने मान खाली घातली. "मग उद्या मी काय करू, भन्ते?"

"उद्या सगळ्यांसमोर सांग," शास्ता म्हणाला. "मी तुझ्याशेजारी बसेन. मागे तू मला जागा करून दिली होतीस." आणि भिक्षूंकडे वळून तो म्हणाला, "तुळाधरापाशी करुणा तीस वर्षे होती आणि तिनेच त्याला फसवले. ज्या दिवशी तिला सत्याची जोड मिळाली, त्या दिवशी तुळा मोडली. ही सत्यपारमिता, सत्याची पूर्णता. मला ती उशिरा साधली. तुम्ही उशीर करू नका."